तेराव्या आऱ्याचा तिसरा बोल्ट

मित्रांनो, मी एक जुना आकाशपाळणा आहे. माझे वय चौतीस वर्षे, उंची चोवीस मीटर, आणि माझ्या मधल्या तुंब्यातून सोळा आरे निघतात. प्रत्येक आऱ्याच्या टोकाला एक पाळणा टांगलेला आहे. मला कोणी विचारले, की तू कशाचा बनला आहेस, तर मी लोखंडाचा म्हणत नाही. मी म्हणतो, एकशे अठ्ठावीस बोल्टांचा. कारण लोखंड ही नुसती वस्तू आहे. ते जागेवर धरून ठेवणारे काम बोल्ट करतात. एका आऱ्याला आठ, असे सोळा आऱ्यांना.

माझा तुंबा एका ओतशाळेत ओतला गेला आणि तीन दिवस लेथवर फिरत राहिला. आरे दुसऱ्याच कारखान्यात झाले. तीन ट्रकांत भरून आम्ही सगळे भाग समुद्रकिनाऱ्यावरच्या एका गावात आलो आणि तिथे एका माणसाने अकरा दिवसांत आमची ओळख करून दिली. तो माणूस म्हणजे माझा पहिला मालक. आता तो नाही. त्याची दोन मुले मला चालवतात. मोठी ताई माझी दुरुस्ती बघते. धाकटा भाऊ खाली चालक-खोलीत बसून दांडा ओढतो आणि लोकांना हसवतो. तो चाळिशीचा झाला, केस पांढरे व्हायला लागले, तरी ताई त्याला अजून 'छोट्या' म्हणते. तो 'ए ताई' म्हणतो आणि तिचे ऐकतो. निदान त्या दिवसापर्यंत ऐकत असे.

आमच्या त्या किनाऱ्यावर नऊ खेळ होते आणि दरवर्षी हंगामाच्या सुरुवातीला गावाची समिती त्यांची यादी लावायची. थराराला चाळीस गुण, देखणेपणाला वीस, स्वच्छतेला वीस, रांग लवकर पुढे सरकते का याला वीस. सुरक्षिततेला गुण नव्हते. तिच्यासाठी फॉर्मच्या तळाशी दोन चौकटी होत्या : 'सुरू' आणि 'बंद'.

पहिला नंबर वर्षानुवर्षे नागमोडी कोस्टरचा. एक मिनिट चाळीस सेकंदांची ती एकच लांब किंकाळी असते. दुसरे झुलते जहाज, ज्यात बसल्यावर पोटातले पोटात राहत नाही. मग पाण्याची घसरगुंडी. मग टक्करगाड्या, तिथे नवरा-बायको बिनबोभाट भांडून घेतात. पाचवी भुतांची खोली. तिथल्या एका भुताला खोकला आहे आणि खरी भीती त्याचीच वाटते. सहावे फिरते कप. सातवे घोड्यांचे चक्र. त्यातल्या एका घोड्याचे शेपूट तुटलेले आहे आणि प्रत्येक मुलाला नेमका तोच हवा असतो. आठवा मी. माझ्यावर कोणी किंचाळत नाही. लोक वर जातात, समुद्र बघतात, गप्प होतात आणि खाली येतात. गप्प बसण्याला थराराच्या रकान्यात फार तर बारा गुण मिळतात.

नववा नंबर आला, की त्या खेळाने किनाऱ्यावरची जागा सोडायची, असा नियम होता. आदल्या वर्षी उडत्या बश्या नवव्या आल्या आणि गेल्या. त्यांच्या जागी एक नवा मनोरा आला. तो माणसांना चाळीस मीटर वर नेतो आणि सोडून देतो. तो पहिल्या तिनात येणार हे माझ्या पाळण्यांतल्या चिमण्यांनाही कळले होते. म्हणजे हिशेब सोपा होता. घोड्यांना मागे टाकले नाही, तर नववा मी.

"थरार आपल्याच्याने व्हायचा नाही," छोट्या ताईला म्हणाला. "देखणेपणाचे वीसच्या वीस काढू. रंग देतो."

"दे. पण मी परत आल्यावर," ताई म्हणाली. ती माझ्या ब्रेकचे नवे पट्टे आणायला दोन दिवस बाहेरगावी निघाली होती.

"अगं, परवा सकाळी समिती येतेय. तू येणार परवाच. मग रंग काय आल्यागेल्याच्या अंगावर वाळवू?"

ताई हसली आणि गेली. इथे त्या दोघांची पहिली चूक झाली, आणि ती फक्त आमच्याकडेच होऊ शकली असती. ती समजायला तुम्हाला ताईच्या रेघा माहीत हव्यात.

बोल्ट आवळून झाला, की ताई त्याच्या नटावरून खालच्या लोखंडावर एक पिवळी रेघ ओढायची. सरळ, बोटाएवढी. नट घट्ट असेपर्यंत रेघ सरळ राहते. नट जरासा फिरला, की रेघ मधे तुटते. अर्धी नटाबरोबर जाते, अर्धी जागेवर राहते. रोज सकाळी छोट्या मला हळूहळू फिरवायचा आणि ताई तुंब्याजवळच्या फळीवर उभी राहून एकशे अठ्ठावीस रेघा डोळ्यांनी वाचायची. दहा मिनिटे लागायची. हंगामात दोन-तीन रेघा तुटायच्या. ती ते नट आवळायची, नवी रेघ ओढायची, काम संपले.

रंगारी आला. चांगला माणूस, हात स्वच्छ. छोट्याने त्याला सांगितले, "मला कुठे एक डाग दिसता कामा नये." त्याच्या मनात गंज होता. रंगाऱ्याने मात्र डाग म्हणजे डाग असे धरले. दोरावर बसून, जीभ बाहेर काढून, त्याने एकेक बोल्ट घासला, पुसला आणि दुधी रंगाने मढवला. एकही सोडला नाही. छोट्या खालून बघत होता. वर्षानुवर्षे डोळ्यांसमोर असलेली गोष्ट डोळ्यांना दिसेनाशी होते, तसे त्याचे झाले. मी वरून नुसता चकाकत होतो.

मला माहीत होते, मित्रांनो. तेराव्या आऱ्याचा तिसरा बोल्ट आठवडाभर अस्वस्थ होता. त्याची रेघ ताई गेली त्याच दुपारी तुटली होती. पण मला तोंड नाही.

परवाची सकाळ उजाडली. साडेआठला ताई बसमधून उतरली, खांद्यावर ब्रेकच्या पट्ट्यांची पिशवी. फाटकातून आत येताना ती हसत होती, कारण मी खरोखर सुंदर दिसत होतो. ती शिडी चढून वर आली. माझ्या तुंब्यापर्यंत चव्वेचाळीस पायऱ्या आहेत. शेवटच्या पायरीवर तिचे हसू गेले.

"छोट्या," ती वरून म्हणाली. ओरडली नाही. "माझ्या रेघा कुठायत?"

खाली छोट्याने वर बघितले. त्याच्या हातातला चहाचा पेला तसाच राहिला.

"ताई... अगं, मी फक्त डाग म्हटलं होतं."

"एकशे अठ्ठावीस डाग."

"आता काय?"

"आता पाना," ताई म्हणाली.

तिच्याकडे घट्टपणा मोजणारा लांब दांड्याचा पाना आहे. नट पुरेसा आवळलेला असेल तर तो 'कट्' असे वाजतो, नसेल तर वाजेपर्यंत फिरवावा लागतो. एका बोल्टाला दीड मिनिट. एकशे अठ्ठावीसांना तीन तास बारा मिनिटे. समिती पावणेबाराला येणार होती. ताईने पाण्याचा घोटही न घेता पहिला आरा वर मागवला.

पहिला, दुसरा, तिसरा. कट्, कट्, कट्. वाळूवर ऊन चढत गेले. नऊ वाजता फाटक उघडले. रांग लागली, कारण रंग बघून लोक येतात. छोट्याचे म्हणणे त्याबाबतीत चुकीचे नव्हते. पाचव्या आऱ्याचा एक नट पाव फेरा फिरला. ताईने ओठ आवळले आणि सहावा मागवला. मी मनातल्या मनात तेराव्याकडे बघत होतो.

सव्वादहाला समिती आली. दीड तास आधी!

त्यांचे झुलते जहाज लवकर उरकले होते, कारण समितीतल्या तिघांपैकी एकाला ते फारच मानवले नाही आणि तो घरी गेला. उरले दोघे. एक निवृत्त मुख्याध्यापिका, त्यांना सगळे 'बाई' म्हणत. गळ्यात स्टॉपवॉच, डोक्यावर पांढरी छत्री. दुसरा सेक्रेटरी, ज्याच्या हातातून फॉर्मचा पुठ्ठा कधी सुटत नसे.

"वा! नवरीसारखा नटवलाय," बाई म्हणाल्या. "सुरू करा, बसू आम्ही."

छोट्याने हातानेच ताईला खाली बोलावले. ती उतरली तेव्हा सत्तर बोल्ट झाले होते. आठ आरे पूर्ण, नवव्याचे सहा. चालक-खोलीच्या मागे दोघे उभे राहिले आणि दबक्या आवाजात बोलू लागले. माझा पाया तिथेच असल्यामुळे मला सगळे ऐकू आले.

"अठ्ठावन्न राहिलेत," ताई म्हणाली. "दीड तास दे."

"दीड तास तो सेक्रेटरी थांबेल? 'बंद' चौकटीत खूण केली की शून्य. शून्य म्हणजे नववा."

"मग आठच पाळणे भर. तपासलेले."

बोलता बोलताच ती थांबली. तिने स्वतःच्या कपाळावर हात मारला. दुसरी चूक तिची होती. तिने एक ते आठ असे ओळीने तपासले होते. ते आठही आरे माझ्या एकाच बाजूला येतात. तेवढेच भरले, तर माझी एक बाजू जड, दुसरी हलकी. मग मी फिरत नाही, लोंबकळतो. समोरासमोरच्या जोड्या घेतल्या असत्या, एक-नऊ, दोन-दहा, तर अर्धे पाळणे खुशाल भरता आले असते. घाईत तिला ते सुचले नव्हते.

"गाढव आहे मी," ती म्हणाली.

"ताई, ऐक. तीन फेऱ्या लागतात फॉर्मला. मी एकदम हळू फिरवतो. तीन मिनिटांची एक फेरी. नऊ मिनिटं, संपलं. सत्तरांत एकच सैल सापडला ना? मग उरलेल्यांत अजून एखादा. आठातला एक सैल असून चाक पडतं का?"

"एक असला तर नाही पडत."

"मग?"

"मला एकच आहे हे माहीत नाही, छोट्या. माहीत नसणं आणि नसणं यात फरक असतो."

"हे बाबांचं चाक आहे ताई. इथून हललं तर बस स्टँडामागच्या मैदानात जाईल. तिथे कुत्रं फिरकत नाही."

पुठ्ठा घेऊन सेक्रेटरी कोपऱ्यावर आला. "तंत्रज्ञाची सही हवी होती. सुरू की बंद? दोनच चौकटी आहेत हो, तिसरी मी कुठून आणू?"

ताईने माझ्याकडे वर बघितले. मग रांगेकडे. मग भावाकडे. त्याचा चेहरा लहानपणी काच फोडल्यावर व्हायचा तसा झाला होता. तिने पेन घेतले आणि 'सुरू'समोर सही केली.

मित्रांनो, ही गोष्ट मी लपवली असती तर ताई जास्त शहाणी दिसली असती. पण सही तिनेच केली.

पाळणे भरले. समोरासमोरच्या जोड्यांनी, नेहमीच्या पद्धतीने. पाचव्या पाळण्यात एक टोपीवाले काका बसले. त्यांना मुळात उंची नको होती, बायकोने ढकलून चढवले होते. बाईंना तेरावा आला. त्यांच्याबरोबर आठेक वर्षांची एक मुलगी बसली, कारण तिच्या आईला चक्कर येते आणि आई खाली पर्स धरून उभी राहिली. सेक्रेटरी खालीच थांबला. वेळ कोणीतरी लिहायला हवी, असे म्हणाला.

छोट्याने दांडा ओढला. मी फिरू लागलो.

ताई माझ्या पायाशी गेली. तिने मोठ्या पान्याचे एक टोक माझ्या खांबाला टेकवले आणि दुसरे कानामागच्या हाडाला, आणि डोळे मिटले. लोखंडातून आवाज हवेपेक्षा पंधरापट वेगाने जातो आणि वाटेत हरवत नाही. कोस्टरची किंकाळी, रांगेतली रडारड, सगळे बाहेर राहिले. आत फक्त मी होतो.

सगळे पाळणे भरलेले. तेरावा आरा वरून उतरत आडवा झाला. आरा आडवा असतो तेव्हा पाळण्याचा सगळा भार त्याच्या मुळाशी येतो, हात पुढे करून बादली धरावी तसा. तिसऱ्या बोल्टाने एवढेच केले :

टिक्.

ताईचे डोळे उघडले. तिने लगेच माझ्या दोन्ही बाजूंना बघितले. आडवे होते पाच आणि तेरा. पण तिने हात वर केला नाही. एकदा झालेला आवाज कशाचाही असू शकतो; खडा, पिन, रंगाचा पापुद्रा. पुन्हा होतो का ते बघायला हवे होते. आणि पुन्हा व्हायला अर्धी फेरी, म्हणजे दीड मिनिट लागणार होते.

त्या दीड मिनिटात मी माझ्या चौतीस वर्षांत फिरलो नसेन इतका सावकाश फिरलो, असे मला वाटते. तेरावा तळाशी आला. मुलीने आईला हात केला. आईने पर्ससकट हात केला. तेरावा दुसऱ्या बाजूने चढू लागला. तिसऱ्याच्या शेजारचा चौथा बोल्टही आता कुरकुरत होता, कारण एकाने सोडलेला भार शेजाऱ्यालाच उचलावा लागतो. आरा पुन्हा आडवा झाला.

टिक्. आणि त्याच्या मागोमाग, बारीक, अजून एक टिक्.

ताईने मूठ वर केली. आमच्याकडे मूठ म्हणजे थांबव, आत्ता, प्रश्न नको.

छोट्याने मूठ बघितली. त्याचा हात दांड्यावर होता. त्याच्या शेजारी सेक्रेटरी वेळ लिहीत होता आणि म्हणत होता, "छान चाललंय, अजून दोन फेऱ्या." मी सेकंद मोजले. एक. दोन. त्याने ताईकडे बघितले, मग माझ्या नव्या रंगाकडे. तीन. चार.

त्याने दांडा ओढला. मी थांबलो.

"काय झालं? फेरी अपुरी आहे," सेक्रेटरी म्हणाला.

"मी थांबवलंय," छोट्या म्हणाला.

ताई धावत आली. "पाच किंवा तेरा. पाचवा मी तपासलाय. म्हणजे तेरा. आत्ता तो आडव्याच्या जरा वर आहे, तसाच उलट न घेता सरळ वर ने. अगदी माथ्यावर. तिथे भार सरळ खाली येतो, मुळाशी ओढ कमी. मी वर जाते."

"बाई आहेत त्यात. आणि ती पोरगी."

"माहितीय. म्हणून तर वर ने म्हणतेय."

छोट्याने मला बोटभर बोटभर सरकवले. तेरावा माथ्यावर आला, पाचवा बरोबर तळाशी, फलाटाला लागून. ब्रेक लावला. जुना ब्रेक. नवे पट्टे पिशवीतच होते.

ताई शिडी चढू लागली. आणि पाचव्या पाळण्यातल्या टोपीवाल्या काकांनी दार ढकलले.

"उतरतो मी. पुरे झालं."

"काका, बसा," छोट्या म्हणाला.

"बसा काय? जमीन वीतभर आहे! पाय टाकला की उतरलो!"

"म्हणूनच सांगतो, बसा. पाय टाकू नका."

"अरे, अडवतोस काय मला? आधी नको नको म्हणत होतो तेव्हा चढवलंत, आता उतरतो म्हणतोय तर—"

"काका!" छोट्याने दार दोन्ही हातांनी धरले. तो आयुष्यात कोणा गिऱ्हाइकावर ओरडला नव्हता. आताही ओरडला नाही, पण जवळ वाकून बोलला. "माझी बहीण तिथं वर हात घालून बसणार आहे. तुमच्या वजनाचे काका खाली आहेत म्हणून वरचा पाळणा वर आहे. तुम्ही उतरलात तर वरचा खाली यायला बघेल. ब्रेक धरेल. बहुतेक धरेल. मला ते 'बहुतेक' नकोय."

काकांनी वर बघितले. चोवीस मीटरवर दोन छोटे पाय पाळण्याच्या कडेवरून हलत होते. त्यांनी टोपी काढली, मांडीवर ठेवली आणि पाळण्याच्या बरोबर मधोमध बसले.

"शिंक आली तर चालेल का?" त्यांनी विचारले.

"हळू शिंका," छोट्या म्हणाला.

वर तेराव्यात मुलगी बाईंना विचारत होती, "आजी, आपण अडकलो का?"

"नाही. आपण थांबलोय."

"फरक काय?"

"थांबलेल्याला कारण माहीत असतं."

"तुम्हाला माहितीय?"

बाईंनी कडेवरून खाली बघितले. "नाही."

"मग अडकलोच," मुलगी म्हणाली आणि कठडा घट्ट धरला.

ताई तुंब्याजवळच्या फळीवर पोचली. तेरावा आरा तिच्यासमोर सरळ उभा होता. तिने हात लावण्याआधी नुसते बघितले. नव्या दुधी रंगावर, तिसऱ्या नटाभोवती केसाएवढी भेग होती. चौथ्याभोवतीही. रेघा नव्हत्या, पण आता रंगच तिला काय ते सांगत होता.

तिने पहिल्याला पाना लावला. कट्. दुसरा, कट्. चौथा फिरला, फिरला, अर्धा फेरा, मग कट्. पाचवा, सहावा, सातवा, आठवा. तिसरा तिने शेवटी ठेवला होता. पाना लावला, जोर दिला आणि नट जागेवरच गरगरला. मग बोल्टाचे डोके तुटून तिच्या तळहातात आले.

तिने ते मुठीत घट्ट धरले आणि खाली बघितले. खाली माणसे मुंग्यांएवढी दिसत होती आणि सगळ्या मुंग्या वर बघत होत्या.

"छोट्या!" ती ओरडली. "सात आहेत!"

"पुरतील?"

"एका फेरीला पुरतील! मी खाली आले की आण. बाळाला पाळण्यातून उचलतोस तसं आण!"

ती उतरून आली, फलाटावर उभी राहिली आणि पाना पुन्हा खांबाला लावला. छोट्याने ब्रेक सोडला.

"म्हणजे आता मी वर जाणार?" टोपीवाले काका म्हणाले.

"हो काका. माफ करा."

"ने मग," काका म्हणाले आणि डोळे मिटले.

तेरावा उतरू लागला. घड्याळातल्या अकराच्या जागी. दहाच्या. आडवा व्हायला आला तेव्हा फलाटावर कोणीही श्वास घेतला नसावा, कारण खांबातून ताईला फक्त माझाच आवाज येत होता. आडवा झाला. सात बोल्टांनी आठाचे ओझे घेतले. मी माझ्याकडून होईल तेवढे केले. मी काहीही केले नाही, स्थिर राहिलो. आकाशपाळण्याला तेवढेच करता येते.

टिक् झाले नाही.

तेरावा तळाशी आला. छोट्याने मुलीला उचलून आईच्या हातात दिले. बाई स्वतः उतरल्या, पण छत्री उघडायची विसरल्या. मग ताईने एकेक पाळणा उतरवला आणि टोपीवाले काका उतरले तेव्हा रांगेतल्या लोकांनी टाळ्या वाजवल्या. काका म्हणाले, "माझं काय कौतुक? मी बसून होतो."

सेक्रेटरीने पुठ्ठा पुढे केला. "फेऱ्या तीन हव्या होत्या. दीड झाली."

"सही माझी आहे," ताई बाईंना म्हणाली आणि तुटलेले डोके त्यांच्या तळहातावर ठेवले. "मी करायला नको होती."

बाईंनी ते उलटसुलट करून बघितले. "यादीत मी खोटं लिहिणार नाही. फेरी पूर्ण झाली नाही."

"नका लिहू," छोट्या म्हणाला. त्याने ते स्वतःहून म्हटले. "बंदवर खूण करा."

बाईंनी खूण केली. खाली शेरा लिहिला : 'चालकाने स्वतः थांबवला. तंत्रज्ञाने दोष शोधला.' आठवड्याने यादी लागली. मनोरा पहिला, कोस्टर दुसरा. घोड्यांचे चक्र आठवे. नववा मी, गुण शून्य. फलकावर शेऱ्यासाठी जागा नसते.

मला पंधरा दिवसांत उतरवले. बोल्ट काढायला ताईबरोबर छोट्याही वर चढला, पहिल्यांदाच. फळीवर उभे राहिल्यावर त्याने माझा एक आरा दोन्ही हातांनी धरला आणि तो म्हणाला, "तू रोज इथे उभी राहतेस?" ताई म्हणाली, "तू खाली गप्पा मारतोस तेव्हा." मग दोघांनी मिळून माझे एकशे सत्तावीस बोल्ट काढले आणि एकही जुना परत वापरला नाही.

आता मी बस स्टँडामागच्या मैदानात उभा आहे. इथून समुद्र म्हणजे एक पातळ चकचकीत पट्टी. माझ्याबद्दल यादीत काही छापले जात नाही, आणि खरे सांगायचे तर किनाऱ्यावरचा वारा मला अजून आठवतो. गर्दी कमी असते. पण कुत्रे फिरकत नाही हे छोट्याचे म्हणणे खरे ठरले नाही. तुम्ही आलाच आहात की.

मित्रांनो, तुम्ही रांगेत उभे आहात, ऊन आहे आणि फाटकावर 'बंद' अशी पाटी आहे. तुमच्यातल्या कोणीतरी मघाशी छोट्याला विचारले, "एवढा वेळ काय करताय? चालू करा ना!" त्याने रागावून उत्तर दिले नाही. पण मला सांगावेसे वाटले, म्हणून एवढे बोललो. कोणत्याही खेळाला, यंत्राला, गाडीला नंबर द्यायचा झाला, तर ते किती वेगाने चालते ते जरूर बघा. पण ते थांबवण्याची हिंमत कोणाकडे आहे, तेही विचारा. आणि 'बंद' पाटी दिसली, तर ती लावणाऱ्यावर चिडू नका. कोणीतरी वर हात घालून उभे असते.

आज सोमवार, पान्याचा दिवस. ताई आता जोड्यांनी तपासते. आठवा झाला, त्याच्यासमोरचा सोळावा वर आला आहे. आठ बोल्ट राहिलेत. बारा मिनिटे थांबा.